वॉरंटी संपलेलं मशीन कसं सांभाळायचं: खानदेशातल्या नव्या टेक्निशियन आणि सेंटरचालकांसाठी

धडगाव किंवा अक्कलकुव्याकडचा पेशंट सीटीसाठी नंदुरबारला येतो तेव्हा तो घरून पहाटेच निघालेला असतो. सोबत दोन माणसं, खिशात उसने पैसे. दारातच "मशीन बंद आहे, परवा या" असं ऐकून तो परत फिरतो आणि बरेचदा परवा येतच नाही. मी वीस-बावीस वर्षं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत एक्स-रे, सीटी आणि सोनोग्राफीची मशिनं दुरुस्त करत फिरलो. अशी परत जाणारी माणसं पाहून फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा मशीनने बंद पडण्याआधी आठवडाभर तरी काहीतरी सांगितलेलं असतं. ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं, इतकंच.

वॉरंटी असते तोवर मशिनची सगळी माहिती कंपनीकडे असते. कोणता बोर्ड कधी बदलला, कोणता एरर पहिल्यांदा कधी आला, ट्यूब (किरण तयार करणारा भाग) किती वापरली गेली, हे सगळं त्यांच्या इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये असतं. वॉरंटी संपते तेव्हा मशीन तेच राहतं, ती माहिती मात्र निघून जाते. ती आपल्याकडे ठेवून घेणं हे नव्या माणसाचं पहिलं काम आहे, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: तीन महिने आधीच सुरुवात करा

आधी पर्चेस ऑर्डर काढा आणि वॉरंटी नक्की कोणत्या तारखेपासून मोजली आहे ते वाचा. माल गोदामातून निघाला ती तारीख, मशीन बसवलं ती तारीख आणि ते तुमच्या ताब्यात दिलं ती तारीख, या तिन्हींत काही महिन्यांचा फरक पडू शकतो. खोलीचं बांधकाम लांबलं असेल तर नक्कीच पडतो.

मग कंपनीला शेवटच्या प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची भेट मागा. तोपर्यंत टेक्निशियनला सगळ्या बारीक तक्रारी लिहायला सांगा: टेबल मधेच अडकतं, ट्यूब स्टँडचा ब्रेक सैल आहे, महिन्यातून एकदा विनाकारण एरर येतो, सोनोग्राफीच्या प्रोबची (अंगावर फिरवतात तो भाग) पिन हलवली की चित्र परत येतं. हे सगळं मुदतीच्या आत ईमेलने पाठवा. तोंडी तक्रार नंतर कुणालाच आठवत नाही.

इंजिनिअर आला की त्याच्याकडून मागायच्या वस्तू ठरलेल्या आहेत. इन्स्टॉलेशन रिपोर्ट, वायरिंगचा नकाशा, शेवटच्या कॅलिब्रेशनचे आकडे, ट्यूबचा सीरियल नंबर आणि काउंटरचा आकडा, सॉफ्टवेअरच्या मूळ सीडी किंवा पेनड्राइव्ह, लायसन्सचे नंबर आणि एरर लॉगची प्रत. "या मॉडेलचे सुटे भाग कोणत्या वर्षापर्यंत मिळतील?" हा प्रश्न कंपनीला लेखी विचारा. उत्तर आलं की पुढची पाच-सहा वर्षं कशी काढायची याचा अंदाज बांधता येतो.

सगळ्यात महत्त्वाची हार्ड डिस्क. मशिनच्या कॉम्प्युटरच्या डिस्कची जशीच्या तशी दुसरी प्रत, म्हणजे क्लोन, करून घ्या आणि ती एकदा लावून मशीन चालू होतं का ते इंजिनिअरसमोरच पाहा. तालुक्याच्या एका सेंटरमध्ये आठ वर्षं जुन्या सीटीची डिस्क गेली. नवी डिस्क दुसऱ्या दिवशी मिळाली, पण त्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर शोधण्यात अकरा दिवस गेले. मशिनच्या दुसऱ्या कोणत्याही भागाला काहीही झालं नव्हतं.

पायरी २: एक जाड वही

वही कागदाचीच हवी आणि ती कन्सोलजवळच राहायला हवी. मशीन बंद पडतं तेव्हा कॉम्प्युटरही बंद असतो, आणि मोबाइलच्या ग्रुपवर टाकलेला एररचा फोटो शंभर शुभेच्छांच्या खाली गाडला जातो.

रोज सकाळी पाच गोष्टी लिहा: मशीन सुरू केल्याची वेळ, खोलीचं तापमान आणि आर्द्रता, तिन्ही फेजचं व्होल्टेज, वॉर्म-अप नीट झालं की नाही, आणि कालपासून काही नवा आवाज, वास किंवा गळती. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ फार महाग नसतं, ते गॅन्ट्रीजवळ, म्हणजे सीटीच्या गोल चौकटीजवळ, लावा. दर शनिवारी ट्यूबच्या काउंटरचा आकडा टिपा.

एरर आला तर कोड जसाच्या तसा उतरवा. "मशीन हँग झालं" या शब्दांवरून इंजिनिअरला काहीच कळत नाही. वेळ, कोड, त्या क्षणी काय चाललं होतं, किती एमए (ट्यूबमधला प्रवाह) आणि केव्ही (ट्यूबवरचं व्होल्टेज) लावले होते, लाइट गेली होती का, आणि काय केल्यावर मशीन पुन्हा सुरू झालं, एवढं लिहा. एका ठिकाणी सीटी दर दोन-तीन दिवसांनी मधेच थांबायचं. वेगवेगळ्या इंजिनिअरांनी दोन बोर्ड बदलले, फरक पडला नाही. मी वहीची पानं चाळली, तर सगळे एरर दुपारी दोन ते पाचच्या मधले आणि खोलीचं तापमान २७ च्या वर गेलेल्या दिवसांचे. दोन एसींपैकी एकाचा गॅस गेला होता. ती वही तिथल्या एका नव्या मुलीने नेमाने भरली होती, दुसऱ्या कुणाला ती उघडून पाहायचं सुचलं नव्हतं.

खोली पुसणाऱ्या मामांनाही विचारत जा. "साहेब, आतून टकटक येते" हे त्यांना आपल्याआधी ऐकू येतं, कारण ते शांत वेळी तिथे असतात.

पायरी ३: वीज आणि अर्थिंग

माझ्या अनुभवात खानदेशात निकामी झालेल्या बोर्डांपैकी बरेचसे विजेमुळे गेले. म्हणून करारावर पैसे घालण्याआधी विजेवर घाला, असंच मी प्रत्येकाला सांगतो.

अर्थिंगपासून सुरुवात करा. मशिनचा अर्थ इमारतीच्या अर्थापासून वेगळा हवा आणि त्याचा रेझिस्टन्स १ ओहमच्या आत हवा. आपली जमीन काळी. पावसाळ्यात मोजलं तर आकडा सुंदर येतो. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन हात जाईल एवढ्या भेगा पडून सुकते आणि आकडा कितीतरी पटींनी चढतो. त्यामुळे अर्थिंगची खरी मोजणी मेमध्येच करायची. मार्च ते जून खड्ड्यात दर चार दिवसांनी पाणी टाका आणि हे काम कुणाचं ते नावानिशी ठरवून द्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मल्टिमीटरने पाहा. ते २ व्होल्टच्या वर दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

लाइनची जाडी हा दुसरा मुद्दा. ३०० एमए आणि १०० केव्हीचं एक्सपोजर म्हणजे त्या क्षणापुरता ३० किलोवॅटचा भार. खांबापासूनची केबल बारीक असेल तर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज पडतं, फिल्म फिकी येते, आणि टेक्निशियन केव्ही वाढवत राहतो. ट्यूब बिचारी उगाच मार खाते. शेतीच्या पंपांचा भार त्याच ट्रान्सफॉर्मरवर असेल तर रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हे फार दिसतं. सकाळी चांगली येणारी फिल्म पंप सुरू झाल्यावर बिघडत असेल तर दोष मशिनचा नाही.

सर्व्हो स्टॅबिलायझर हळूहळू चढणारं-उतरणारं व्होल्टेज सांभाळतो, क्षणभराचा झटका नाही. त्यातले कार्बन ब्रश झिजतात, ते वर्षातून एकदा पाहा. सीटीच्या कॉम्प्युटर भागाला आणि सोनोग्राफीला ऑनलाइन यूपीएस हवाच. यूपीएसच्या बॅटऱ्या जिन्याखालच्या कोंडट खोलीत ठेवू नका. लेड-ॲसिड बॅटरी साधारण २५ अंशांना पूर्ण आयुष्य देते, त्याच्या वर दर ८-१० अंशांना तिचं आयुष्य निम्मं होत जातं. भुसावळच्या मेमधल्या बंद खोलीत ती किती टिकेल, हिशोब करा. वळवाच्या पावसाआधी, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत, मेन पॅनलवर सर्ज प्रोटेक्टर बसवलेला असावा. विजांचा कडकडाट सुरू झाला आणि पेशंट नसेल तर सोनोग्राफी आणि सीआर रीडर (एक्स-रेच्या प्लेटवरचं चित्र वाचणारं यंत्र) नीट शटडाउन करून प्लग काढून ठेवा.

आणखी एक गोष्ट नव्यांना कुणी सांगत नाही. बाहेर ट्रान्सफॉर्मरची किंवा लाइनची दुरुस्ती झाली की कधीकधी फेजचा क्रम उलटा होतो. दिवे-पंखे नेहमीसारखे चालतात, पण चिलरचा (मशीन थंड ठेवणाऱ्या यंत्राचा) पंप आणि थ्री-फेज कॉम्प्रेसर उलटे फिरतात. फेज सिक्वेन्स रिले बसवून घ्या, आणि लाइनमन काम करून गेला की मशीन लावण्याआधी एकदा तपासा.

पायरी ४: ऊन, धूळ आणि उंदीर

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी एसींची सर्व्हिसिंग झालेली असलीच पाहिजे. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा मेकॅनिकला सगळ्या गावाचे फोन येत असतात. मशिनच्या खोलीत एक मोठा एसी लावण्यापेक्षा दोन मध्यम लावा आणि आलटून-पालटून चालवा. एक गेला तरी त्या दिवसाचं काम निघतं. बाहेरचा युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात असेल तर त्यावर पत्र्याची सावली करा, हवा मात्र मोकळी खेळली पाहिजे.

तापमान २२ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ३० ते ६० टक्के ठेवा. तुमच्या मशिनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. खोली लवकर थंड व्हावी म्हणून एसी १६ वर लावायची सवय वाईट. पावसाळ्याच्या दमट दिवसांत त्याने बोर्डांवर दव धरतं. गॅन्ट्री, कन्सोल किंवा यूपीएसच्या बरोबर वर स्प्लिट एसी बसवू देऊ नका. त्याची नळी कधीतरी तुंबते आणि पाणी थेट मशिनवर पडतं.

धुळीचे आपल्याकडे दोन हंगाम. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की रुईचा बारीक तंतू हवेत असतो, आणि मार्चपासून वावटळींची माती. जिनिंग किंवा दालमिलच्या जवळच्या सेंटरमध्ये फिल्टरवर आठवड्यात गोधडीसारखा थर बसलेला मी पाहिला आहे. या दोन्ही हंगामांत फिल्टर दर आठवड्याला काढा, धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच लावा. इतर वेळी महिन्यातून एकदा पुरे. आतली सफाई व्हॅक्यूम क्लीनर आणि मऊ ब्रशनेच. हवा मारणाऱ्या ब्लोअरने धूळ बाहेर येत नाही, आणखी आत जाऊन बसते.

उंदरांना केबलचं आवरण फार आवडतं. केबल जिथून खोलीत शिरते ती भोकं बारीक जाळी आणि सिमेंटने बंद करा. कन्सोलच्या खोलीत डबा खाणं पूर्ण बंद. हे वाचून कुणी नाराज होईल, पण एक शेंगदाणा पडला तरी रात्री उंदीर येतो आणि सकाळी लाखाची केबल गेलेली असते. पालही कॉन्टॅक्टरमध्ये शिरून शॉर्ट करते, म्हणून पॅनलची झाकणं उघडी ठेवू नका.

पायरी ५: मशीन पाहून काळजी

साध्या एक्स-रे मशिनची ट्यूब सगळ्यात जास्त मरते ती बटणामुळे. एक्सपोजरचं बटण दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबलं की ॲनोड फिरू लागतो, मिनिटाला सुमारे ३,००० फेरे, आणि फिलामेंट पूर्ण तापतं. बरेच जण अर्धं बटण दाबून ठेवूनच पेशंटला "श्वास घ्या, रोखा, हलू नका" सांगत बसतात. त्या प्रत्येक सेकंदाला फिलामेंटचं टंगस्टन उडत असतं आणि काचेच्या आतून त्याचा थर बसत असतो. पुढे त्याच थरामुळे ट्यूबमध्ये ठिणगी पडते. आधी पेशंटला तयार करा, मग बटण दाबा, आणि तयारीचा इशारा येताच एक्सपोजर द्या. ही एक सवय लागली तर ट्यूबचं आयुष्य खूप वाढतं.

दुसरी सवय वॉर्म-अपची. आपल्याकडे थंडीत सकाळी पारा दहाच्या खाली येतो. थंड ॲनोडवर पहिलंच एक्सपोजर कमरेचं मोठं दिलं तर तो तडकू शकतो. पुस्तकात दिल्याप्रमाणे लहान आकड्यांची दोन-तीन एक्सपोजरं आधी द्या, कोलिमेटर (किरणांची कड आखणारी झडप) बंद ठेवून आणि खोलीत कुणी नसताना.

दर तीन महिन्यांनी नाण्यांची चाचणी करा. कॅसेटवर कोलिमेटरचा प्रकाश पाडा, प्रकाशाच्या चारही कडांवर आत-बाहेर एकमेकांना टेकलेली नाणी ठेवा आणि हलकं एक्सपोजर घ्या. १०० सेंमी अंतरावर प्रकाश आणि किरणांची कड यांच्यात २ सेंमीपेक्षा जास्त फरक दिसला तर कोलिमेटर नीट करून घ्या. तोपर्यंत तुम्ही पेशंटच्या नको त्या भागावर किरण टाकत असता. ट्यूबच्या हाउसिंगखाली तेलाचा एक थेंब जरी दिसला, तरी त्या दिवशी काम थांबवा.

सीआरच्या प्लेटा रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी वापरण्याआधी इरेज करा, नाहीतर चित्रावर धुकं येतं. डीआर पॅनल (थेट कॉम्प्युटरवर चित्र देणारी पाटी) पडू देऊ नका, याहून मोठा सल्ला त्याच्यासाठी नाही. लेडचे ॲप्रन घडी घालून ठेवू नका, आतून चिरतात. त्यांना दांडीवरच टांगा.

सीटीत रोज सकाळचा वॉर्म-अप आणि एअर कॅलिब्रेशन, गर्दी कितीही असली तरी. आठवड्यातून एकदा पाण्याचा फँटम (चाचणीसाठीचं पाण्याने भरलेलं भांडं) स्कॅन करा. पाण्याचा आकडा (सीटी नंबर) शून्याच्या चार-पाचच्या आत यायला हवा. तो हळूहळू सरकत असेल किंवा चित्रात गोल कडी दिसू लागली तर वहीत लिहा आणि कॅलिब्रेशन मागा. गॅन्ट्रीच्या स्लिप रिंगवर कार्बन ब्रश घासतात आणि काळी भुकटी पडते. ती वीजवाहक असते. तिची सफाई इंजिनिअरच्या दर भेटीत झालीच पाहिजे आणि ती तुम्ही उभं राहून पाहा. भेटीच्या कागदावर फक्त "ओके" लिहिलेलं स्वीकारू नका.

सोनोग्राफीत मशिनपेक्षा प्रोब जपायचा. स्पिरिटने लेन्स पुसू नका, तेल किंवा पॅराफिन जेलऐवजी वापरू नका, रबर फुगतं आणि सुटतं. वापर झाला की जेल लगेच मऊ कापडाने पुसा. केबल जमिनीवर लोळत असेल तर खुर्चीचं चाक कधीतरी तिच्यावरून जाणारच. महिन्यातून एकदा प्रोब स्वच्छ करून, जेल न लावता, हवेत धरा. पडद्यावर सारख्या आडव्या पट्ट्या दिसतात. त्यात वरून खाली एखादी काळी रेघ असेल तर तिथले क्रिस्टल गेले. नक्की कुठे ते पाहायला कागदाच्या क्लिपची कड लेन्सवरून हळू सरकवा. तिची चमक जिथे हरवते तिथे दोष. ही चाचणी जुना प्रोब विकत घेतानाही करा, पैसे देण्याआधी.

ज्यांच्याकडे एमआरआय आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. ते मशीन रात्री, रविवारी, सणाला कधीच "बंद" नसतं. चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये असतं आणि कोल्ड हेड (हेलियम थंड ठेवणारा भाग), हेलियम कॉम्प्रेसर आणि चिलर चोवीस तास चालले तरच ते हेलियम टिकतं. कोल्ड हेडचा तो संथ टकटक आवाज थांबला की रात्री दोन वाजताही फोन गेला पाहिजे, म्हणून वॉचमनला तो आवाज ओळखायला शिकवा. हेलियमची पातळी रोज लिहा. एक लिटर द्रव हेलियमचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. चुंबक क्वेंच झालं, म्हणजे अचानक तापून हेलियम उकळलं, तर तो सगळा छतावरच्या नळीतून बाहेर पडायला हवा, नाहीतर खोलीतला ऑक्सिजन हटतो. त्या नळीच्या तोंडाशी पक्ष्यांनी घरटं केलं आहे का, हे पावसाळ्याआधी आणि नंतर पाहा. खोलीत लोखंडी सिलिंडर न नेण्याबद्दल तर कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका तरुणाचा अशाच प्रसंगात जीव गेला, आणि तो पेशंटचा नातेवाईक होता.

सगळ्याच मशिनांच्या कॉम्प्युटरबद्दल थोडं. जुन्या मशिनांत अजून विंडोज एक्सपी किंवा ७ असतं. एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबले, ७ चे जानेवारी २०२० मध्ये. त्यामुळे हा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडायचाच नाही. डॉक्टरांना चित्रं पाठवायला वेगळा कॉम्प्युटर मधे ठेवा, आणि पेशंटचा पेनड्राइव्ह कन्सोलला लावू नका. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, बहुधा सीआर २०३२, तीन-चार वर्षांनी बदला. दिवाळीच्या सुट्टीनंतर "मशीन सुरूच होत नाही" असे जे फोन येतात, त्यातले काही तिच्यामुळेच असतात. बदलण्याआधी सेटिंगच्या सगळ्या पानांचे फोटो काढा.

पायरी ६: करार वाचणं

दोन प्रकार. सीएमसीत सुटे भाग धरलेले असतात, एएमसीत फक्त माणसाची मेहनत आणि भेटी. पण सीएमसीतही वगळलेल्या वस्तूंची यादी असते, आणि सगळ्यात महागड्या वस्तू नेमक्या तिथे सापडतात: ट्यूब, डिटेक्टर, प्रोब, हेलियम, बॅटऱ्या. ती यादी आधी वाचा, किंमत नंतर.

"९५ टक्के अपटाइम" हे शब्द ऐकायला छान वाटतात. सरकारी उपकरण देखभाल कार्यक्रमातही जिल्हा रुग्णालयांसाठी हाच आकडा आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांचे ५ टक्के म्हणजे १८ दिवस. एवढे दिवस मशीन बंद राहिलं तरी कराराचा भंग होत नाही. ९८ टक्के म्हणजे साधारण ७ दिवस. खाजगी सेंटरने ९८ मागावेत, आणि बंद वेळ तक्रारीच्या ईमेलपासून मोजली जाईल हे लिहून घ्यावं. इंजिनिअर किती तासांत पोचेल हेही लिहून घ्या. "प्रतिसाद" म्हणजे फोनवर बोलणं की प्रत्यक्ष येणं, हे स्पष्ट हवं. नाशिकहून धुळ्याला माणूस तीन-साडेतीन तासांत येतो, पण मुंबईत बसलेला माणूस चोपडा किंवा तळोद्याला त्याच दिवशी क्वचितच पोचतो.

माझं मत विचाराल तर सीटीसाठी पहिली तीन-चार वर्षं ट्यूबसकट सीएमसी घ्यावी, साध्या एक्स-रे मशिनला एएमसी पुरते, आणि सोनोग्राफीत कराराचे पैसे वाचवून एक जास्तीचा प्रोब जवळ ठेवावा. जास्तीच्या प्रोबचीही कागदोपत्री नोंद मात्र करून घ्या.

ट्यूब करारात नसेल तर तिचा फंड आजपासून सुरू करा. उदाहरणापुरतं: ट्यूब २० लाखांची आणि तिच्याकडून ४०,००० स्कॅनची अपेक्षा, तर प्रत्येक स्कॅनमागे ५० रुपये वेगळ्या खात्यात. ट्यूब गेल्यावर सोनं गहाण ठेवायची वेळ मी चांगल्या चालणाऱ्या सेंटरवर आलेली पाहिली आहे.

पायरी ७: इंजिनिअर, सुटे भाग आणि आपला हात

कंपनीबाहेरचा इंजिनिअर वाईट नसतो. जुन्या मॉडेलवर कधीकधी तोच जास्त जाणतो. एक्स-रे आणि सीटीच्या कामासाठी त्याच्या संस्थेकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, सर्व्हिसिंगची परवानगी आहे का ते पाहा. त्याने तुमच्याच मॉडेलवर काम केलेल्या दोन सेंटरना स्वतः फोन करा. बदललेला जुना भाग सोबत नेऊ देऊ नका. वापरलेला भाग घेताना तो कोणत्या मशिनमधून काढला, किती चालला आणि किती दिवसांची हमी, हे बिलावर लिहून घ्या.

नव्या टेक्निशियनने स्वतः करायची कामं म्हणजे सफाई, फिल्टर, केबलची पाहणी, वॉर्म-अप, फँटम आणि वही. झाकण उघडायचं नाही. हाय-फ्रिक्वेन्सी जनरेटरचे कपॅसिटर मेन बंद केल्यावरही प्राणघातक चार्ज धरून ठेवतात, मोबाइल एक्स-रेमध्येही. दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना किरण थांबवणारी सोय) "तात्पुरता" बायपास करून काम चालवा असं कुणी म्हणालं, मग तो मालक का असेना, तर नाही म्हणा. मी हे नव्या मुलांना हात जोडून सांगतो.

पायरी ८: कागदपत्रं

एक्स-रे आणि सीटीची गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी एईआरबी-मान्य संस्थेकडून होणं बंधनकारक आहे. ट्यूब बदलण्यासारखी, किरणांवर परिणाम करणारी दुरुस्ती झाली तर मधेही करावी लागते. एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन परवाना पोर्टलचा पासवर्ड फक्त जुन्या मॅनेजरकडे आणि तो नोकरी सोडून गेलेला, असं होऊ देऊ नका. टीएलडी बॅज (अंगावर पडलेले किरण मोजणारा) दर तीन महिन्यांनी बदला.

सोनोग्राफीला १९९४ चा पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा) कायदा लागतो. मशीन बदलायचं असेल तर समुचित प्राधिकाऱ्याला तीस दिवस आधी कळवावं लागतं. म्हणून "दुरुस्ती होईपर्यंत हे दुसरं मशीन वापरा" असं म्हणून कुणी आपुलकीने यंत्र आणून ठेवलं, तरी लेखी परवानगीशिवाय ते खोलीत येऊ देऊ नका. आपलं मशीन दुरुस्तीला बाहेर पाठवतानाही आधी पत्र, मग मशीन.

पायरी ९: कधी थांबायचं

वहीतून वर्षाचा दुरुस्तीखर्च, बंद राहिलेले दिवस आणि पुन्हा घ्याव्या लागलेल्या फिल्मांची संख्या काढा. सलग दोन वर्षं तिन्ही वाढत असतील, किंवा गुणवत्ता चाचणीत किरणांचा डोस आवरत नसेल, तर मशीन निवृत्त करा. डोसच्या बाबतीत भावनेला जागा नाही.

एक्स-रे किंवा सीटी भंगारात थेट देता येत नाही. आधी ई-लोरावर डीकमिशनिंगचा (मशीन कायमचं बंद करण्याचा) अर्ज, ट्यूब पुन्हा वापरता येणार नाही अशी करणं, मग त्याचा पुरावा. सोनोग्राफी मशीन नोंदणी नसलेल्या कुणालाही विकणं गुन्हा आहे. बोर्ड आणि बॅटऱ्या अधिकृत ई-कचरा आणि बॅटरी घेणाऱ्यांकडेच द्या, पावती फाइलला लावा. हार्ड डिस्कमध्ये हजारो पेशंटची नावं आणि आजार असतात, ती काढून स्वतःसमोर फोडा. आणि गाडी येण्याआधी कोलिमेटरचे बल्ब, फूट स्विच, चांगल्या केबल, टेबलच्या मोटरी, जे काही त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मशिनला उपयोगी पडेल ते काढून, लेबल लावून कपाटात ठेवा. शेजारच्या तालुक्यात तेच मॉडेल अजून चालू असेल, तर तिथल्या टेक्निशियनला त्या वहीची झेरॉक्सही द्या.